नकारातील तेरा वर्षे

अमेरिकन बोर्ड, म्हणजे परदेशांत धर्मप्रचारक पाठवण्यासाठी १८१० साली स्थापन झालेली प्रॉटेस्टंट संस्था, हिचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे कलकत्ता सोडण्याचा हुकूम झाल्यानंतर फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले. तेथेही ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने त्यांना परत पाठवण्याचे ठरवले, कारण अमेरिका व ब्रिटन यांच्यात तेव्हा युद्ध चालू होते आणि प्रजेच्या धर्मात ढवळाढवळ झाल्यास असंतोष माजेल, अशी धास्ती अधिकाऱ्यांना होती. अखेर राहण्याची मुभा मिळाली, पण श्रोत्यांचा नकार सरकारच्या नकाराहून चिवट निघाला. हॉल मराठी शिकले, बाजारांत व देवळांजवळ बोलत राहिले, आणि मार्च १८२६ मध्ये नाशिक-त्र्यंबक भागातील दौऱ्यात पटकीने वारले. तोवर बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रवेशाचा जलसंस्कार, घेणारे अगदी मोजके होते. केवळ या संख्येवरून त्या चिकाटीचे मोल ठरवणे मात्र अपुरे होय, कारण शुभवर्तमाने (येशूची चरित्रे) मराठीत छापण्यासाठी मिशनने उभारलेल्या छापखान्यातच गणपत कृष्णाजी मुद्रणकला शिकले आणि पुढे स्वतःच्या छापखान्यात त्यांनी, काहीशा विरोधाभासाने, हिंदू पंचांग छापले.