माउंट घेण्याआधी ट्रायपॉडवर बसा

ताऱ्यांच्या फोटोंसाठी कोणता ट्रॅकिंग माउंट घ्यावा, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलंय. आधी माझी फजिती सांगतो.

ऑक्टोबर २०२४. त्सुचिनशान-ॲटलस धूमकेतू सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसत होता. महूजवळच्या एका माळावर मी माझा मोठा इक्वेटोरियल माउंट घेऊन गेलो. ट्रायपॉड, वजनं, बॅटरी धरून तीसेक किलोचा संसार! संधिप्रकाशात ध्रुव दिसेना. दिसला, माउंट त्याच्याशी जुळवला, तोवर धूमकेतू क्षितिजावरच्या धुरकटात उतरलेला. शेजारचा कॉलेजातला मुलगा मात्र साध्या ट्रायपॉडवर ८५ मिलिमीटरच्या लेन्सने पाच-पाच सेकंदांचे फोटो काढून घरी गेला. तो धूमकेतू काही माझ्यासाठी परत येणार नाही.

म्हणून पहिला प्रश्न असा, की माउंट लागतो का? पृथ्वी फिरते, त्यामुळे आकाश तासाला १५ अंश सरकतं. ५०० ला लेन्सच्या फोकल लेन्थने भागा, साधारण तेवढे सेकंद तारे ठिपके राहतात. २४ मिलिमीटरला वीस सेकंद, २०० ला जेमतेम अडीच. कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असेल तर याहून कमी. आकाशगंगेचा पट्टा आणि खाली डोंगर, एवढंच हवं असेल तर पैसे वाचवा आणि त्या पैशांत अंधाऱ्या जागी जा.

देवयानी दीर्घिका किंवा मृगातला तेजोमेघ टिपायचा असेल तर मात्र माउंट हवाच, आणि तो इक्वेटोरियल हवा. त्याचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर असतो, म्हणून एकाच मोटरने काम भागतं. वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारा आल्ट-ॲझिमथ माउंट स्वस्तात मिळतो, डोळ्यांनी बघायला उत्तमही आहे. पण लांब एक्स्पोजरमध्ये चित्र स्वतःभोवती फिरतं. मधला तारा ठिपका, कडेचे तारे कमानी. दुकानदार हे सांगत नाही. मला तरी कोणी सांगितलं नव्हतं.

वजनाचा आकडाही जपून वाचा. स्काय-वॉचरच्या स्टार ॲडव्हेंचरर जीटीआयची क्षमता ५ किलो लिहिलेली असते. फोटोसाठी त्यातले तीनच धरा. कॅमेरा आणि ७०-२०० ची जाड लेन्स मिळून अडीच किलोच्या आसपास जातात, म्हणजे छोट्या ट्रॅकरचं काम तिथे संपलं. त्यावर दुर्बीण चढवली तर गिअरची प्रत्येक चूक आणि वाऱ्याची प्रत्येक झुळूक फोटोत उमटते.

आता गावाचा विचार. ध्रुव आपल्या अक्षांशाएवढाच वर दिसतो. लेहला ३४ अंश, आमच्या महूला साडेबावीस, बंगळुरू-चेन्नईला १३, कन्याकुमारीला फक्त ८. दक्षिणेत राहणाऱ्यांनी माउंटचा कोन तेवढा खाली येतो का, आणि खाली आणल्यावर समतोलाचं वजन ट्रायपॉडच्या पायावर आपटत नाही ना, हे घेण्याआधी दुकानातच करून पाहावं. उत्तरेला शेजाऱ्याची इमारत असेल तर ध्रुव विसरा. मग कॅमेऱ्याने आकाश ओळखून जुळवणी करणारी सोय असलेलाच माउंट घ्या.

ध्रुवसुद्धा खऱ्या ध्रुवबिंदूपासून पूर्ण चंद्राच्या रुंदीपेक्षा थोडा जास्तच दूर आहे. २४ मिलिमीटरला ते खपतं, २०० ला नाही. म्हणून जुळवणीच्या छोट्या दुर्बिणीत तो मधोमध नाही, खुणेच्या वर्तुळावर त्या वेळेच्या जागी बसवायचा. आणि होकायंत्र मोटरजवळ धरू नका. नकाशावाचनाच्या वर्गात लोखंडापासून दूर उभं राहायला मीच जवानांना शिकवायचो, अन् निवृत्तीनंतर तीच चूक स्वतः केली.

आता छोटा ट्रॅकर पाठीवरच्या पिशवीत असतो. १३५ ची लेन्स, एक-एक मिनिटाचे चाळीस फोटो, नंतर संगणकावर एकत्र. मोठा माउंट गच्चीवर ताडपत्रीखाली आहे. त्याच्या तिन्ही पायांच्या जागी फरशीवर लाल रंगाचे ठिपके दिलेत. पाय तिथे टेकवले की जुळवणी दहा मिनिटांत होते.