झाडावर दिसते ते बांडगूळ, मनी प्लांट की रुखाळू?

छत्रपती संभाजीनगरात क्रांती चौकाच्या आसपासच्या कोणत्याही वस्तीत फिरले, तरी सज्जात, जिन्यात किंवा दुकानाच्या गल्ल्याजवळ पाण्याच्या बाटलीत ठेवलेली हिरवी-पिवळी वेल हमखास दृष्टीस पडते. लोक तिला ‘मनी प्लांट’ म्हणतात. हीच वेल परसातील आंब्यावर किंवा नारळावर चढली, की तिचे पान सुपाएवढे होते, त्याला खोल चिरा पडतात आणि बाटलीतील ती नाजूक वेल हीच, यावर कोणाचा विश्वास बसत नाही. ‘हे कसले बांडगूळ, तोडावे की राहू द्यावे?’ असे विचारीत पानाचा तुकडा घेऊन येणारे बागायतदार आम्हांस पावसाळ्यात नेहमी भेटतात. ओळख चुकली, तर खरे बांडगूळ झाडावर तसेच राहून फांदी वाळते. अथवा आळूसारखे दिसते म्हणून विषारी पान स्वयंपाकघरात जाते.

प्रथम बांडगुळाचा विचार करू. बांडगूळ ही परोपजीवी वनस्पती आहे. तिचे शोषकमूळ फांदीच्या लाकडात शिरते व त्या जागी गाठ येते. तिच्या फांद्या काष्ठमय असतात, पाने जाड व चिवट असतात, आणि चिकट बी पक्ष्यांमार्फत दुसऱ्या फांदीवर जाते. अशी फांदी फळे पिकण्यापूर्वी गाठीच्या खालून कापून टाकणे हाच उपाय. याउलट अपिवनस्पती झाडाचा केवळ आधार घेते. तिची मुळे सालीला चिकटतात, पण आत शिरत नाहीत. वेल हळूच ओढून पाहावी. ती सुटून खालची साल अखंड दिसली, तर ते बांडगूळ नव्हे. मनी प्लांट बहुधा जमिनीत रुजून वर चढते, म्हणून तिला अर्धी अपिवनस्पती म्हणणे अधिक योग्य. ती झाडाचा रस शोषीत नाही. मात्र फळझाडावर तिचा भार व सावली वाढू लागल्यास ती उतरवून टाकावी.

ही वेल आळू व सुरण यांच्या कुळातील आहे. (वेखंडही जुन्या पुस्तकांत याच कुळात आढळते, आता त्याचे कुळ निराळे मानतात.) या कुळाची खूण म्हणजे मधोमध मांसल दांड्यासारखे स्थूलकणिश व त्याभोवती महाछद नावाचे एकच मोठे आवरण. सुरणाचे फूल ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हे निराळे सांगावयास नको. परंतु मनी प्लांटच्या बाबतीत ही खूण निरुपयोगी ठरते, कारण ती फुलतच नाही म्हटले तरी चालेल. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात याचे कारण उलगडले : फुलण्यास लागणारे जिबरेलिन हे संप्रेरक तयार करणारे एक जनुक या वेलीत नीट काम करीत नाही, बाहेरून जिबरेलिन फवारल्यावर तिला फुले आली. मूळ प्रशांत महासागरातील मूरिया बेटावरची ही वेल १८८० साली ‘पोथॉस’ या नावाने वर्णिली गेली आणि बरीच नावे पालटून १९६४ साली ‘एपिप्रेम्नम ऑरियम’ झाली. रोपवाटिकेत आजही ‘पोथॉस’ म्हणतात ते या जुन्या नावामुळे.

फूल नसल्याने ओळख पटवावी लागते ती पेऱ्यावरून. मनी प्लांटचे नवे पान आधीच्या पानाच्या देठाच्या खोबणीतून बाहेर पडते, देठाला वरच्या अंगाने पन्हळ असते आणि पेऱ्याशी जाडसर हवाई मूळ असते. तिच्यासारखेच दिसणारे फिलोडेंड्रॉन बाजारात त्याच नावाने विकले जाते. त्याचे नवे पान स्वतंत्र पातळ आवरणात गुंडाळलेले असते. ते आवरण पुढे वाळून गळते. त्याचे पान अधिक पातळ व रेखीव हृदयाकृती असते.

रुखाळूचा प्रकार वेगळा. रुख म्हणजे वृक्ष. वृक्षावरचे आळू ते रुखाळू. शास्त्रीय नाव ‘रेमुसेशिया विविपारा’. हे मराठवाड्याच्या कोरड्या हवेतील नव्हे, तर सह्याद्री व कोकणातील ओलसर रानांतील, झाडांच्या बेचक्यांत व खडकांवर वाढणारे. याला वेल नसते, कंद असतो. उन्हाळ्यात पाने नाहीशी होतात व पाऊस पडताच कंद फुटतो. देठ पानाच्या कडेला न जुळता ढालीच्या मुठीप्रमाणे आतल्या बाजूस जुळतो. मनी प्लांटचा देठ मात्र पानाच्या बुडाशीच असतो. सर्वांत खात्रीची खूण म्हणजे उभ्या कोंबांवर येणाऱ्या बारीक कंदिका. त्यांना आकड्यांसारखी टोके असतात. जनावरांच्या केसांना व पक्ष्यांच्या पिसांना चिकटून त्या झाडोझाडी पोहोचतात. कोकणात रुखाळूची भाजी आमसूल किंवा चिंच घालून, भरपूर शिजवून खातात.

न शिजलेल्या आळूने घसा खवखवतो, तो पानातील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. मनी प्लांट व फिलोडेंड्रॉन यांतही तेच स्फटिक असतात, आणि या दोहोंची भाजी कधीही करू नये. पान चावल्यास तोंडाची आग होते, लाळ गळते व जीभ सुजते. मुलाने चावले असल्यास तोंडातील तुकडे काढून चुळा भरवाव्यात, थंड पाणी किंवा दूध द्यावे, ओकारी काढवू नये, आणि सूज वाढल्यास अथवा श्वासास त्रास झाल्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. छाटलेल्या वेली गव्हाणीत किंवा शेळ्यांपुढे टाकू नयेत.

शंका असल्यास नुसते पान पाठवून भागत नाही. किमान दोन पेरी, हवाई मुळे व कोवळे पान असलेला तुकडा वर्तमानपत्रात दाबून आणावा आणि तो कोणत्या झाडावर, सालीवर की फांदीच्या गाठीतून निघाला, हे सोबत लिहावे.