मधुमेह आणि आपले कान

मधुमेहाचे नाव निघाले की डोळे, मूत्रपिंडे आणि पाय यांना जपण्याचा सल्ला कोणीही देतो. कानांचे नाव मात्र सहसा कोणी काढीत नाही. वस्तुतः या रोगाचा उपद्रव कानांनाही पोचतो, आणि तो इतक्या सावकाश पोचतो की रोग्याला त्याची वार्ताही नसते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे आपल्या देशात सुमारे दहा कोटी लोकांना मधुमेह आहे. तेव्हा हा विषय घरोघरचा आहे.

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी, सुमारे अडीच वेढ्यांची एक नळी असते. तीत बारीक केस असलेल्या हजारो पेशी असतात. त्या ध्वनीची कंपने टिपतात आणि मज्जातंतू ती मेंदूकडे पोचवितात. या भागाला रक्त पुरविणारी रोहिणी अगदी बारीक असून तिला पर्यायी वाट नाही. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांना इजा होते. डोळ्यांत व पायांत जे घडते, तेच येथेही घडत असावे असे तज्ज्ञ मानतात. मेलेल्या केसपेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. म्हणूनच वेळीच जपावयाचे.

अमेरिकेत २० ते ६९ वर्षे वयाच्या पाच हजारांहून अधिक लोकांच्या तपासणीवर आधारलेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. मधुमेह नसलेल्यांपेक्षा मधुमेह्यांत श्रवणदोष जवळजवळ दुप्पट आढळला. प्रत्येक मधुमेह्याला बहिरेपण येतेच, असा याचा अर्थ नव्हे. वय व गोंगाट हीही कारणे आहेतच.

आता हा दोष ओळखावा कसा? बहुधा प्रथम उंच पट्टीचे आवाज हरवतात. वर्णमाला शिकविणाऱ्या आम्हा शिक्षकांना यातील मर्म चटकन कळते. बोलण्याचा जोर स्वरांत असतो, पण अर्थ पुष्कळसा व्यंजनांवर तोललेला असतो. आणि ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने उंच पट्टीची व क्षीण असतात. ‘साठ’मधला ‘स’ ऐकू आला नाही, तर कानी ‘आठ’च पडणार! म्हणून आजोबा म्हणतात, “ऐकू येते, पण समजत नाही.” घरची मंडळी मात्र त्यांना हट्टी किंवा बेपर्वा ठरवितात. ओरडून बोलल्याने स्वर मोठे होतात, व्यंजने स्पष्ट होत नाहीत. हळूहळू माणूस बैठकीत बसेनासा होतो, चारचौघांत हसेनासा होतो. आमच्या मते बहिरेपणापेक्षाही हे एकाकीपण अधिक जाचक आहे.

उपाय साधे आहेत. साखर, रक्तदाब आणि तंबाखू यांवर ताबा ठेवावा. डोळ्यांप्रमाणेच कानांचीही यंत्राद्वारे तपासणी करवून घ्यावी. ती वेदनारहित असते. लाउडस्पीकर व फटाके यांपासून दूर राहावे. काही औषधेही कानांना बाधतात. नवे औषध घेताना डॉक्टरांना तसे विचारावे. कानात काडी, हेअरपिन किंवा गरम तेल घालू नये. वृद्ध मधुमेह्याचा कान फार ठणकत असेल वा वाहत असेल, तर विलंब करू नये, कारण हा संसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो. एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. श्रवणयंत्र सुचविले गेल्यास लाजू नये. चष्म्याला आपण कोठे लाजतो?

आणि घरच्यांनी? समोर बसून, तोंडावर उजेड असताना, सावकाश बोलावे. औषधाचे प्रमाण तोंडी न सांगता मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे. एवढे प्रत्येक कुटुंबाने केले, तरी घरातील वडीलधारी माणसे पुन्हा आपल्या बोलण्यात सामील होतील.