आओरीता म्हणजे नक्की कधी?

ज्यांना लोकलच्या गर्दीत काही ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी हा भाग लेखी.

आजचा शब्द स्पॅनिश आहे: आओरीता. या शब्दापायी मी एका चांगल्या माणसाला बोलणी खायला लावली.

आमच्या टीममधला एक जण मेक्सिकोत, ग्वादालाहाराला असतो. एकदा रात्री नऊला मी त्याला कोड तपासायला पाठवला. त्याच्याकडे तेव्हा सकाळचे साडेनऊ. उत्तर आलं, 'आओरीता लो रेबीसो.' ॲपने भाषांतर दिलं, 'आत्ता लगेच बघतो.' म्हटलं, चला, थांबूया. दीड वाजला तरी काही नाही! वैतागून मॅनेजरला मेल टाकला, हा माणूस चक्क खोटं बोलतो.

दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन. आवाज पडलेला. "मी लगेच बघतो असं म्हटलंच कुठे?"

आणि खरंच, नव्हतं म्हटलं.

मूळ शब्द 'आओरा', म्हणजे आता. तो आला लॅटिनच्या 'हाक होरा'वरून, 'या घटकेला'. (आपल्या पंचांगातला 'होरा' आणि लॅटिनमधला 'होरा', दोन्ही ग्रीकमधून आलेत. मला हे कळलं तेव्हा भारी वाटलं होतं.) त्याला 'ईता' हा लाडाचा, लहानपणाचा प्रत्यय लावला की आओरीता. म्हणजे छोटंसं आता. वाटतं, छोटं म्हणजे अजून लवकर. पण मेक्सिकोत हा प्रत्यय बोलणं मऊ करायलाही लावतात, आणि मऊ झालेलं 'आता' ताणता येतं: पाच मिनिटं, दोन तास, कधी कधी कधीच नाही. रस्त्यावरच्या विक्रेत्याला 'आओरीता नो, ग्रासियास' म्हटलं, तर तो सरळ नकारच असतो, फक्त गोड. पोर्तो रिकोत तर आओरीता म्हणजे बहुतेक वेळा 'नंतर'च.

मग ओळखायचं कसं? क्रियापद बघा. 'आओरीता एस्ता योबिएन्दो', आत्ता पाऊस पडतोय. इथे शंकाच नाही. 'आओरीता येगो', आत्ताच आला. पण 'आओरीता लो आगो', करतो हं, असं आलं की घड्याळ विसरा. माझा मेसेज नेमका या तिसऱ्या जातीचा होता.

हसू नका. आपण घरात अंघोळीला जाताना फोनवर 'आलोच' म्हणतो. आलो! चक्क भूतकाळ! हे मी त्याला समजावलं तेव्हा तो इतका हसला, की माफी मागणं सोपं गेलं. मॅनेजरलाही दुसरा मेल केला, चूक माझी होती म्हणून.

आता त्याचं आओरीता आलं की मी लिहितो, 'आ के ओरा?' किती वाजता? तो आकडा पाठवतो. आणि मी 'आलोच' लिहिलं की तोही हेच विचारतो.