कंसातलं 'लंडन' आणि एचआरचं टेबल

दारावर पितळी पाटी, पाटीवर वकीलसाहेबांचं नाव आणि नावापुढे कंसात 'लंडन'. बस्स! एवढ्यावर आख्ख्या गल्लीत वट. साहेब तिकडे नेमकं काय शिकले, किती मार्कांनी पास झाले, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. आज त्या कंसाची किंमत किती? म्हणजे तुमचा रेझ्युमे हिंजवडीतल्या किंवा बीकेसीतल्या एखाद्या एचआरच्या टेबलावर पडतो तेव्हा?

प्रश्न हौसेचा नाही, हप्त्याचा आहे. समजा, ४० लाखांचं एज्युकेशन लोन, ११ टक्के व्याज, १० वर्षांची मुदत. ईएमआय होतो जवळपास ५५ हजार. कोर्स संपला की साधारण वर्षभराची सवलत, मग बँक दारात. तिकडेच नोकरी लागली तर ठीक. पण ब्रिटनने शिक्षणानंतर राहायची मुदत १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना २ वर्षांवरून १८ महिन्यांवर आणायचं ठरवलंय. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्या नव्या एच-वन-बीवाल्यांसाठी १ लाख डॉलरचा आकडा जाहीर केला, तेव्हा तर घरोघरी व्हॉट्सॲपवर सुतकच होतं. म्हणजे परतीचं तिकीट हा आता 'प्लॅन बी' राहिलेला नाही. आणि पगार रुपयांत मिळणार असेल, तर डिग्रीचा भाव इथला एचआर ठरवणार.

आधी सांगा, ती खरी आहे का?

ऑफर लेटर नीट वाचा. 'सब्जेक्ट टू बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन' अशी एक ओळ त्यात हमखास सापडेल. सगळे ती सोडून थेट सीटीसीच्या आकड्यावर उडी मारतात, ही गोष्ट वेगळी. या ओळीमागे एक आख्खी इंडस्ट्री उभी आहे. कंपनी तुमची कागदपत्रं व्हेरिफिकेशन एजन्सीला देते आणि एजन्सी थेट विद्यापीठाकडे चौकशी करते. ब्रिटनसाठी 'हेड' नावाची सेवा २०११ पासून आहे. अमेरिकेत १९९३ मध्ये सुरू झालेलं नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाऊस आहे. तुमची झेरॉक्स कितीही चकचकीत असो, उत्तर तिकडच्या रेकॉर्डवरून येतं.

एवढा संशय का? मे २०१५ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने कराचीच्या ॲक्झॅक्ट कंपनीचं पितळ उघडं पाडलं. शेकडो वेबसाइट्स, त्यावर हसऱ्या प्रोफेसरांचे फोटो, आणि विद्यापीठांची नावं 'कोलंबियाना', 'बर्कली' अशी. पटकन वाचलं तर कोलंबिया आणि बर्कलेच वाटावं! (इंग्रजीत स्पेलिंगमध्ये मारलेली मेख देवनागरीत तर दिसतही नाही.) त्याआधी जानेवारी २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटीवर धाड पडली. तिथले बहुतेक विद्यार्थी भारतीय होते, आणि त्यातल्या काहींच्या पायात रेडिओ कॉलर अडकवल्याने आपल्या सरकारलाही निषेध करावा लागला होता. अमेरिकेत विद्यापीठाला मान्यता सरकार थेट देत नाही, तर अमेरिकन शिक्षण खात्याने मान्य केलेल्या ॲक्रेडिटेशन संस्था देतात. एचआरने विद्यापीठाचं नाव ऐकलेलं नसेल तर तो आधी हेच बघतो.

मजा म्हणजे अस्सल डिग्रीवालेही इथे अडकतात, आणि तेही नावामुळे. आपलं मराठी नाव तीन मजली, मध्ये वडील. तिकडच्या फॉर्मवर कधी वडील गळतात, कधी आडनावाच्या जागी जाऊन बसतात. मुलींचं लग्न झालं असेल तर पॅन कार्ड वेगळं आणि डिग्री वेगळी. जुळत नाही म्हटलं की एजन्सी लाल शेरा मारून मोकळी. जॉइन होण्याआधीच नावबदलाचं गॅझेट किंवा मॅरेज सर्टिफिकेट स्वतःहून दिलंत, तर पुढचे ई-मेल वाचतील.

६८ टक्के? फक्त?

दहावीला ९२ पडले तरी 'आठ कुठे गेले?' विचारणारा आपला समाज. आता ब्रिटनमधून मास्टर्स करून आलेली मुलगी डोळ्यांसमोर आणा. मार्क ६८ टक्के. इथला एचआर मनातल्या मनात म्हणतो, 'ठीकठाक दिसतेय.' प्रत्यक्षात तिकडे ५० ला पास, ६० ला मेरिट आणि ७० ला डिस्टिंक्शन. म्हणजे ती डिस्टिंक्शनच्या उंबरठ्यावर थांबलीय.

जर्मनीतून आलेल्याची गत तर आणखी भारी. तिथे १.० सर्वांत उत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम पास. बिचारा १.३ घेऊन येतो, म्हणजे अगदी वरच्या रांगेतला. आणि कंपनीचा ऑनलाइन फॉर्म विचारतो, 'पर्सेंटेज?' रकाना रिकामा ठेवता येत नाही. १.३ टाकलं तर कॉम्प्युटर तिथल्या तिथे बाद करणार. अमेरिकेचा जीपीए ४ पैकी, आपला सीजीपीए बहुतेक ठिकाणी १० पैकी. '३.६' हा आकडा एकटाच लिहिला तर वाचणाऱ्याने काय समजायचं?

मोठ्या कंपन्यांच्या एचआरला हे आता पाठ असतं. गोची होते ती मधल्या आणि छोट्या कंपन्यांत, जिथे असा उमेदवार वर्षातून एखादाच येतो. त्यामुळे रेझ्युमेत नुसता आकडा नको. '६८ टक्के, मेरिट' किंवा '१.३, सर्वोत्तम १.०' असं स्पष्ट लिहा. ट्रान्सक्रिप्टच्या मागच्या पानावर बहुधा ग्रेडिंगचा तक्ता छापलेला असतो, तेही पान स्कॅन करा. युरोपातल्या विद्यापीठांतून 'डिप्लोमा सप्लिमेंट' नावाचा कागद मिळतो. त्यात ती डिग्री कोणत्या पातळीची, मार्कांची पद्धत काय, हे सगळं असतं. बरेच जण तो फाईलच्या तळाशी टाकून विसरतात.

रँकचं भूत

'आमचं क्यूएसमध्ये टॉप हंड्रेड आहे!' एअरपोर्टवर सोडायला आलेल्या काकांनाही हे पाठ असतं. रँकिंगचा उपयोग होतो, नाही असं नाही. नाव अनोळखी असेल तर एचआर गुगलवर तेच शोधतो. पण त्या रँकच्या पोटात काय आहे? क्यूएसच्या २०२४ च्या यादीपासून 'एम्प्लॉयर रेप्युटेशन'ला १५ टक्के वजन आहे. म्हणजे कंपन्यांना विचारायचं 'कुठलं विद्यापीठ चांगलं?', त्यांच्या मतावर काही अंशी रँक ठरणार, आणि मग कंपन्यांनी तीच रँक बघून माणूस घ्यायचा. मोठा भाग तर प्राध्यापकांची मतं आणि रिसर्चचे दाखले यांचा. तुमच्या वर्गात खरंच काय शिकवलं, हे त्यातून कसं कळणार?

आपल्याकडचे रिक्रूटर खरा भरवसा ठेवतात तो गाळणीवर. आयआयएमचा शिक्का चालतो, कारण त्याआधी कॅटने लाखो मुलं गाळलेली असतात. ब्रिटनमधल्या पुष्कळ मास्टर्सना अशी कुठली एंट्रन्स नाही, हे इथल्या एचआरला ठाऊक असतं. मग तो दुसरी गाळणी शोधतो. तुमचं इथलं ग्रॅज्युएशन कुठून? आधी नोकरी केली होती? आणि हो, मँचेस्टरहून आलात तरी दहावी-बारावीची मार्कशीट लागतेच. 'थ्रूआउट साठ टक्के'ची अट समुद्र ओलांडल्याने सुटत नाही. माझ्या मते हा शुद्ध आळस आहे. २५ वर्षांच्या माणसाला त्याच्या दहावीच्या भूगोलावरून जोखण्यात कसली आलीय पारख? पण अट आहे, तर मार्कशीट जपून ठेवलेली बरी.

इंटरव्ह्यूत मात्र चित्र पालटतं. तिथे डेझर्टेशनचा विषय, एखाद्या कंपनीसोबतचा प्रोजेक्ट, इंटर्नशिप याच गोष्टी निघतात. एमबीए असेल तर ॲम्बा, इक्विस, एएसीएसबी ही ॲक्रेडिटेशन्स विचारली जाऊ शकतात. तिन्ही असलेल्या बिझनेस स्कूलला 'ट्रिपल क्राउन' म्हणतात.

सरकारी खिडकीचं वेगळंच

प्रायव्हेट कंपनी आपल्या मर्जीने डिग्री मानते. सरकारी नोकरी किंवा कॉलेजात शिकवायचं असेल तर मात्र समकक्षतेचा कागद हवा. हे काम वर्षानुवर्षं असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज करायची. एप्रिल २०२५ मध्ये यूजीसीने नवी नियमावली आणून ते स्वतःकडे घेतलं. फ्रँचायझी पद्धतीने दिलेल्या डिग्र्या त्यात सरळ बाद आहेत. ब्रिटनचं एक वर्षाचं मास्टर्स तर इथे कितीतरी वर्षं मास्टर्स म्हणून धरलंच जात नव्हतं. जुलै २०२२ च्या भारत-ब्रिटन कराराने तो तिढा सोडवला. मेडिकल, फार्मसी, लॉ, आर्किटेक्चर हे त्यातून वगळलेले, कारण त्यांच्या कौन्सिल वेगळ्या. बाहेरून एमबीबीएसच्या तोडीची डिग्री करून आलेल्याला एफएमजीई परीक्षेत ३०० पैकी १५० मिळवल्याशिवाय पुढची वाट खुली होत नाही.

आणि आता तर विद्यापीठंच इकडे निघालीत. जून २०२५ मध्ये मुंबईत ५ परदेशी विद्यापीठांना इरादापत्रं दिली गेली. त्यात यॉर्क, ॲबर्डीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आहेत. डिग्री विलायतेची आणि लोकल हार्बर लाइनची! लोन कमी लागेल, तीन मजली नावाचीही भानगड नाही. पण एचआर तो रेझ्युमे कुठल्या गठ्ठ्यात टाकणार, फॉरेनच्या की इथल्या? ॲडमिशन घ्यायच्या आधी त्या कॅम्पसवाल्यांना विचारा, आमच्या बॅचला घ्यायला कोणत्या कंपन्या येणार आहेत, आणि उत्तर लेखी मागा.