काळी ‘कॉम’मध्ये, लाल ‘व्ही’मध्ये!

पुणे-नगर रस्त्याने सुप्याजवळ आलं की एका अंगाला एमआयडीसी, कवड्या डोंगरावर पवनचक्क्या आणि शिवारात विहिरीवरचे स्टार्टर. पारनेर तालुक्याच्या या कोपऱ्यात व्होल्टचे झाडून सगळे प्रकार नांदतात: टॉर्चच्या सेलमधले दीड, ट्रॅक्टरच्या बॅटरीतले बारा, घरातले २३०, मोटरचे चारशेच्या वर. ते मोजायला लागते ती पिवळी डबी, दोन वायरी आणि मधोमध फिरणारं बटण. इलेक्ट्रिकलच्या दुकानात काही शे रुपयांत मिळणारं डिजिटल मल्टिमीटर. पण डबी भलती बेरकी. विचाराल तेवढंच सांगते आणि चुकीचं विचारलंत तरी आकडा बिनधास्त फेकते.

भोकं तीन, घोटाळा तिसऱ्यात

काळी पिन ‘कॉम’ लिहिलेल्या भोकात. ती तिथून हलवायचीच नाही. लाल पिन ‘व्ही’ लिहिलेल्या भोकात. उरलं ‘१० ए’. ते करंट मोजायचं, आणि करंट मोजताना मीटर स्वतःच सर्किटमधला तारेचा तुकडा होतं. लाल पिन तिथेच राहिली आणि टोकं घरच्या प्लगमध्ये खुपसली, की मोजणी नाही, थेट शॉर्टसर्किट! बऱ्याच स्वस्त मीटरांत या भोकामागे फ्यूजसुद्धा नसतो. म्हणून करंट मोजून झाला की लाल पिन आधी ‘व्ही’मध्ये परत, चहा नंतर.

जिवंत तारेवर शून्य

बटणावर नागमोडी रेघ म्हणजे एसी: घरची, मोटरची लाईट. सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ म्हणजे डीसी: सेल, बॅटरी, सोलर पॅनेल. बटण डीसीवर ठेवून घरच्या प्लगला टोकं लावलीत तर आकडा शून्याच्या आसपास घुटमळतो. लाईट मात्र आहे, आणि चांगली दणकून आहे! पडद्यावर शून्य बघून तारेला हात घालणाऱ्याचं काय होईल, ते सांगायला नको. उलटी गंमत बॅटरीची. अगदी साध्या मीटरात एसीवर ९ व्होल्टचा सेल लावला तर वीसच्या आसपास आकडा येतो. टोकं उलटी करा, शून्य.

२०० वर २०० दिसत नाही

साध्या मीटरला ‘साडेतीन अंकी’ म्हणतात. तिन्ही मागची घरं ० ते ९ दाखवतात, पहिल्या घरात फक्त १ येतो किंवा घर रिकामं. म्हणजे कमाल आकडा १९९९, आणि २०० च्या रेंजवर १९९.९. तिथे २३० व्होल्ट लावले की डावीकडे एकटा ‘१’ उभा राहतो. नवशिका म्हणतो, ‘एकच व्होल्ट?’ नाही, दादा. मीटर म्हणतंय, माझ्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून सुरुवात कायम वरच्या रेंजपासून, मग एकेक पायरी खाली. वरच्या रेंजलाही हद्द असते. पुष्कळ पवनचक्क्यांचं जनित्र ६९० व्होल्ट तयार करतं आणि स्वस्त मीटरवर शेवटचा आकडा ६०० किंवा ७५०. ६०० वालं तिथे न्यायचंच नाही. ७५० वाल्यानेही चेव आणू नये. त्या ताकदीच्या पॅनेलसाठी बनवलेलं मीटर वेगळं असतं.

भुताटकीचे व्होल्ट

हा माझा लाडका किस्सा. डीपीपासून विहिरीपर्यंत लांबलचक केबल गेलेली. त्यातली एक तार कशालाच जोडलेली नाही, तरी मीटर तिच्यावर ४०-५० व्होल्ट दाखवतं. तिथे साधा बल्ब लावा, व्होल्ट गायब! शेजारच्या चालू तारेतून हलकासा प्रभाव या तारेत उतरतो. चांगल्या डिजिटल मीटरचा अवरोध सुमारे १ कोटी ओहम, त्यामुळे ते जवळपास काहीच करंट ओढत नाही आणि एवढासा प्रभावही टिपतं. जुनं काट्याचं मीटर जास्त करंट ओढायचं, त्यामुळे त्याला ही भुतं फारशी दिसत नसत.

याच कारणाने बॅटरीही फसवते. नुसती मोजली तर १२.६, म्हणजे भरलेली. सेल्फ मारताना आकडा धाडकन ९ च्या खाली आला, तर ती थकलीय. मोटरचंही तसंच. रात्री लाईट आली, सगळ्या शिवाराने एकदम मोटरी टाकल्या, की खरा व्होल्टेज तेव्हा कळतो. मात्र स्टार्टरची पेटी उघडायचं काम वायरमनचं.

सोलर पंपवाल्यांसाठी एक: पॅनेलचा व्होल्टेज वैशाखाच्या दुपारपेक्षा पौषातल्या थंड, स्वच्छ सकाळी जास्त भरतो. तापल्यावर पॅनेलचे व्होल्ट उतरतात.

नाशिकचं मीटर

काट्याच्या मल्टिमीटरचा जनक ब्रिटिश टपाल खात्यातला इंजिनिअर डोनाल्ड मॅकॅडी, वर्ष १९२३. अंकी व्होल्टमीटर अमेरिकेच्या अँड्र्यू के यांनी १९५० च्या दशकात आणलं, आणि पुढे याच गृहस्थांनी ‘केप्रो’ कॉम्प्युटर काढला. आपल्याकडे मीटरांचं गाव म्हणजे नाशिक. आयटीआय-पॉलिटेक्निकमध्ये शिकलेल्या कित्येकांनी हाताळलेलं काट्याचं मीटर ‘मोटवाने’चं. या घराण्याच्या ‘शिकागो रेडिओ’चे लाऊडस्पीकर काँग्रेसच्या सभांत गाजले. १९४२ च्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहतांसोबत नानिक मोटवानेही आरोपी होते. पुढे ते सुटले. डिजिटल मीटर बनवणारी ‘ऋषभ इन्स्ट्रुमेंट्स’ही नाशिकचीच. तिने २०११ मध्ये पोलंडची ‘लुमेल’ कंपनी विकत घेतली.

जाता जाता शेवटचा चकवा. डबीतला ९ व्होल्टचा सेल उतरला की बऱ्याच स्वस्त मीटरांचे आकडे कमी होत नाहीत, वाढतात! घरचे २३० अचानक २६० दिसू लागले तर महावितरणला फोन लावण्याआधी पडद्यावर बॅटरीची खूण उमटलीय का बघा. आणि तो सेल मोजायचाच असेल, तर शेजाऱ्याचं मीटर मागून आणा.