दुरुस्तीनंतर भरकटणारी मोटार

आमच्या वाशीम जिल्ह्यांतील काळी जमीन पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिजवरील रस्ते खालींवर होऊन मोटारीच्या सस्पेन्शनचे बुश व सांधे झिजतात. ते नवे घातल्यावरहि गाडी कधीं कधीं भरकटते. समोरून लॉरी येत असतां हातभर भरकटणेंहि जिवावर बेततें.

दोष नव्या भागांस देण्याआधीं टायरांतील हवा पाहावी. मग टाय रॉड. पुढील चाकें समोरच्या बाजूस किंचित् बाहेर वळलेलीं राहिलीं, तर प्रत्येक चाक आपल्याच वाटेनें जाऊं पाहतें. खालचा आर्म बदलल्यावर हें माप बहुधा बिघडतें. म्हणून अलाइनमेंट पुन्हां करून घेणें अगत्याचें.

बुशाची गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं, असें आम्हांस वाटतें. गाडी जॅकवर असतांना बोल्ट घट्ट आवळले, तर ती खालीं उतरतांच रबर पिळलें जातें. चाकांवर भार आल्यावरच ते आवळावे.

वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नसेल, तर कॅस्टर तपासावा. ढकलगाडीचें लहान चाक आपल्या खिळीमागें ओढलें जाऊन सरळ राहतें, तेंच काम येथें मागें कललेला आंस करतो.